शिवशरणबाईंचा एकतिसावा भाग

माझ्या वैशालीचा उजवा हात चौथ्या भागात मोडला आणि सातव्या भागात ती दोन्ही हातांनी पोळ्या लाटायला लागली, हे जगात एकाच माणसाच्या लक्षात आलं. त्यात मी स्वतःला धरत नाही. वैशाली ही माझ्या रहस्यकथेची नायिका. एका मोफत ॲपवर मी तिचे आठवड्याला दोन भाग टाकत असे, आणि दर भागाखाली आमच्या गटातल्या मंडळींच्या कमेंटा येत असत. 'अप्रतिम', 'उत्कंठावर्धक', 'लेखणीला सलाम'. त्या रांगेत एक दिवस हे आलं: 'वाचलं. चौथ्या भागात वैशालीचा हात मोडला होता. प्लास्टर काढल्याचं कुठं आलं नाही. आता ती पोळ्या लाटते आहे. हात कधी बरा झाला ते सांगाल का? काळजी वाटली.' खाली नाव होतं, एस. शिवशरण.

मला आधी रागच आला. फुकट लिहिणाऱ्या माणसाला कौतुक कितीही पचतं, चूक एकही पचत नाही. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. पण 'काळजी वाटली' हे शब्द काही डोक्यातून जाईनात. काळजी कुणाची, तर दुकानात गिऱ्हाईक नसताना वेळ जावा म्हणून मी बनवलेल्या बाईची. आठव्या भागात मी मुकाट्यानं दवाखान्याचा प्रसंग घातला आणि वैशालीचं प्लास्टर काढलं.

आमच्या गटाचं नाव 'पुढचं पान'. नाशिककडच्या एका बाईंनी तो काढलेला. त्यांना आम्ही कुणी पाहिलेलं नाही, नुसतं ॲडमिन मॅडम म्हणतो. साठेक माणसं, सगळी हौशी. कुणी रेशन दुकानदार, कुणी परिचारिका, कुणी घरी बसून कंटाळलेलं. नियम सोपा होता. आपला भाग टाकला की त्याची लिंक गटात द्यायची, आणि त्या दिवशी बाकीच्यांचे जे भाग आले असतील ते वाचून संध्याकाळपर्यंत प्रत्येकाखाली कमेंट करायची. मॅडम यादीवर खुणा करत. तीनदा खाडा झाला की नाव बाहेर. हेतू चांगला होता. एकट्यानं लिहीत बसलेल्या माणसाला कुणीतरी वाचावं, एवढंच तर सगळ्यांना हवं होतं.

पण दिवसाला पंधरा-वीस भाग यायला लागल्यावर वाचणार कोण? ज्यानं त्यानं आपापली सोय केली. मी फोनमध्ये पाच वाक्यं तयार ठेवली होती आणि ती आलटून पालटून चिकटवत होतो, म्हणजे संशय येत नाही. त्यातलं हुकमी वाक्य म्हणजे 'सुंदर भाग. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.' ते कशालाही बसतं. प्रेमकथा असो, खून असो, नाहीतर घोड्यावरून दौड असो. बाकीच्यांचंही असंच चाललं असणार, कारण मला येणाऱ्या कमेंटांतही चार-पाच वाक्यंच फिरून फिरून येत होती. पण स्वतःच्या भागाखाली तीच वाक्यं खरी वाटतात, ही गंमत आहे.

माझं सोलापुरात कोर्टाजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. एका उन्हाळ्यात भर दुपारी एक बाई आल्या. उंच, काटकुळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, हातात छत्री आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. फोन पुढं करून म्हणाल्या, याची प्रिंट काढा, अक्षर मोठं ठेवा आणि पाठची बाजू कोरी सोडा. मी फाइल उघडली. 'वैशालीचं रहस्य, भाग एकोणीस ते बावीस.' मशीनमधून माझीच वाक्यं एकेक करून बाहेर यायला लागली आणि मी परक्यासारखा त्यांच्याकडं बघत राहिलो.

"हे कोण वाचणार?" मी विचारलं.

"मी वाचणार. फोनवर अक्षर नाचतं. कागदावर गुमान बसतं."

मी जरा आढेवेढे घेत माझं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून मला नीट पाहिलं.

"म्हणजे माने तुम्हीच. वैशालीचा हात आता दुखत नाही ना?"

अशी शिवशरणबाईंची ओळख झाली. गटात साठ माणसं, राज्यभर विखुरलेली, आणि ही बाई माझ्या दुकानापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर, जुळे सोलापुरात राहत होती.

बाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. वडील गिरणीत कामाला. त्यांच्या गल्लीतून सरकारी नोकरीला लागलेली पहिली मुलगी ही. त्या काळी परगावी बोलायचं तर कॉल लावून द्यावा लागे, आणि तो बाईंच्या हातातून जाई. डोक्यावर हेडफोन, समोर भोकांची मोठी फळी, हातात वायरी. तीन मिनिटं झाली की सांगायचं, वाढवून हवं का विचारायचं, आणि बोलणं संपलं की वायर काढायची. कामाच्या घाईत बाकीच्या मुली सरळ वायर ओढत असत. बाई मध्ये जाऊन आधी विचारत, "झालं बोलणं?" दोन्हीकडून 'हो' आल्याशिवाय त्यांचा हात वायरीकडं जात नसे. यावरून साहेबांची बोलणी त्यांनी वर्षानुवर्षं खाल्ली. पुढं घरोघरी फोन आले, मग खिशात आले, फळी भंगारात गेली आणि बाई कारकुनी टेबलावरून निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

नोकरी संपली तरी सवय राहिली होती. कुणी बोलत असलं की बाईंचा डावा हात आपोआप कानाकडं जाई, हेडफोन सावरल्यासारखा. मधूनच "ऐकतेय" म्हणत. मी वैशालीबद्दल पाल्हाळ लावलं की मनगटावरच्या घड्याळाकडं बघून सांगत, "माने, तीन मिनिटं झाली. चालू ठेवायचं?" आणि निघताना, छत्री हातात घेतल्यावर, न चुकता विचारत, "झालं बोलणं?" नुसती मान हलवून भागत नसे. 'हो' म्हटल्याशिवाय पायरी उतरायच्या नाहीत. एकदा गिऱ्हाइकाच्या गडबडीत मी लक्ष दिलं नाही, तर त्या भर उन्हात पायरीवर दहा मिनिटं उभ्या होत्या.

गटातल्या प्रत्येकाचा प्रत्येक भाग त्या वाचत होत्या. कागदावर, पेन्सिल हातात घेऊन. मग पाठच्या कोऱ्या बाजूवर कमेंट लिहून काढायची आणि एका बोटानं फोनमध्ये टाइप करायची. कमेंटची सुरुवात नेहमी 'वाचलं' या शब्दानं. त्यानंतर त्या कुठं थांबल्या ते सांगत. म्हणजे वाचता वाचता कुठल्या वाक्याशी हात थबकला. 'वाचलं. सासू दार लावून घेते तिथं थांबले.' एवढंच, कधी कौतुक नाही की उपदेश नाही. मी विचारलं, बाई, एवढं कशाला? नुसतं छान म्हणा आणि सोडून द्या. त्या म्हणाल्या, "छान म्हटलं तर कळतं का त्याला, मी कुठपर्यंत पोचले ते?"

गटात बिरू शेंडगे म्हणून एक गृहस्थ होते. मंद्रूपच्या पुढं त्यांचं गाव, चाळिशी उलटलेली, मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. मेंढरांमागं हिंडत फोनवर कथा लिहीत, आणि लिहीत ते बोलतात तसंच. ॲडमिन मॅडमनी त्यांना गटात सगळ्यांदेखत सांगितलं की भाषा शुद्ध करून टाका, वाचकांना त्रास होतो. आम्ही सगळे गप्प. कुणी कुणी तर मॅडमच्या खाली अंगठाही दिला, त्यात मी होतो. अर्ध्या तासानं बाईंचं आलं: 'वाचलं. चारही भाग वाचले. भाषा बदलू नका. मला या माणसांचे आवाज ऐकू आले. लांडगा आल्यावर म्हातारी कुत्र्याला नावानं हाक मारते तिथं थांबले.'

बिरू पुढं जनावरांच्या औषधासाठी सोलापुरात आले तेव्हा माझ्या दुकानात बाईंना भेटले. दोन्ही हातांनी टोपी धरून उभे. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसल्या. तासभर बोलणं चाललं होतं, त्यातली पंचावन्न मिनिटं त्या कुत्र्यावर. जाताना बिरू मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई लई बारीक वाचत्यात. मला आता खोटं लिवायला भ्याव वाटतंय."

आता बाईंच्या स्वतःच्या कथेबद्दल सांगितलं पाहिजे, आणि तिथंच माझी पंचाईत आहे.

बाई 'चौकशी' नावाची कथा लिहीत होत्या. दर बुधवारी एक भाग. मी दर बुधवारी तो उघडत होतो, तळाशी जात होतो आणि माझं हुकमी वाक्य चिकटवत होतो. बहुतेक वेळा माझीच कमेंट पहिली असे, कारण दुकान उघडलं की मी आधी ते काम उरकून टाकत असे. त्यावर बाईंचं उत्तर येई, 'आभारी आहे'. मला तसंच, बाकीच्यांनाही तसंच. प्रत्येकाला वेगळं, न कंटाळता. त्या आठवड्यातून दोनदा दुकानात येत, वैशालीची चौकशी करत, पण 'चौकशी'चा विषय कधी काढत नसत. आणि मी त्यांच्या तोंडावर गोड बोलत होतो, चहा मागवत होतो, पण त्यांची एक ओळ वाचलेली नव्हती. कथा कशाबद्दल आहे हेही मला ठाऊक नव्हतं. लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही, कारण सगळेच तसं करत होते.

एका शनिवारी बिरू दुकानात आले. प्रिंट नको, झेरॉक्स नको, नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "माने साहेब, बाई बऱ्या हायत न्हवं?"

मी म्हटलं, परवाच येऊन गेल्या, का हो?

"न्हाय, त्येंच्या कथंतली कमळ मेली की. एकतीस भागात. आता तेरा भाग झालं तिला मरून. आन तुमी समदी लिवताय, नायिका लई भारी रंगवलीय, फुडचा भाग टाका. मला वाटलं शेरात आशीच पद्धत आसंल."

मी विचारलं, मग तुम्ही का नाही लिहिलंत तिथं? बिरू खाली बघायला लागले.

"मी काय लिवनार त्येंच्याफुडं? कमळ मेली तवा मेंढरं सोडून बांधावर बसलो हुतो. त्ये काय टाइप करायचं? दर भागाला अंगठा देतो तेवढा, मॅडम त्योच खुनंला धरत्यात. शेवट झाला आसं मला बी वाटलं हुतं. फुडं आलं, मंग म्हटलं तुमी मानसांनी मागून घेतलं आसंल."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी जेवण करून 'चौकशी'चा पहिला भाग उघडला आणि दिवेलागणीपर्यंत चव्वेचाळीस भाग वाचून काढले.

कथा साधी होती. कमळ नावाची निवृत्त बाई एकटी राहते. रोज दुपारी ती रेल्वेच्या चौकशीला फोन लावते आणि गाडीची वेळ विचारते. तिला कुठंही जायचं नसतं. पलीकडचा माणूस तिचा आवाज ओळखायला लागतो. आज उकडतंय, पंखा बंद आहे, असं एखादं वाक्य जास्तीचं बोलतो. कमळ त्या एका वाक्यावर दिवस काढते. त्या माणसाचं नाव तिला माहीत नाही, तो कसा दिसतो माहीत नाही, तरी त्याला सर्दी झाली की तिच्या लक्षात येतं. मग तिसाव्या भागात ती फोन लावते तर माणसाऐवजी रेकॉर्ड केलेला आवाज येतो. तो सगळ्या गाड्या एका सुरात सांगून टाकतो. कमळ शेवटपर्यंत ऐकते आणि त्या आवाजाला म्हणते, 'आभारी आहे.' एकतिसाव्या भागात ती जाते. भाग दीड पानाचा. त्यात रडारड नाही, काही नाही. दूधवाला सकाळी पिशवी अडकवून जातो आणि दुपारी ती तशीच असते.

त्याच्या खाली पहिली कमेंट माझी होती. 'सुंदर भाग. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.' तिच्याखाली तेवीस जणांच्या, थोड्याफार फरकानं त्याच. आणि प्रत्येकीला बाईंचं उत्तर, 'आभारी आहे'.

बत्तिसाव्या भागापासून पुढं कमळ नव्हतीच. तिचं रिकामं घर होतं. मीटर बघायला येणारा माणूस, कुंडीतली तुळस घेऊन जाणारी शेजारीण, भाड्यानं जागा बघायला आलेली जोडपी. तेरा भागांत कुणी कमळचं नावही काढत नाही. मी तेराच्या तेरा भागांखाली कमेंट केली होती. 'कमळची व्यक्तिरेखा जिवंत वाटते', हे अडतिसाव्याखाली माझंच वाक्य होतं.

मी सोमवारी दुकान उघडलंच नाही. सरळ बाईंच्या घरी गेलो. पहिल्यांदाच जात होतो. दोन खोल्यांचा फ्लॅट, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी वडिलांची. टेबलावर टोक केलेल्या पेन्सिली ओळीनं, आणि एका कपाटात गटातल्या प्रत्येकाच्या नावाची फाइल. माझी फाइल सर्वांत जाड होती, कारण वैशालीचं रहस्य तोवर साठाव्या भागावर गेलं होतं आणि ते रहस्य काय हे मलाही ठरवता आलं नव्हतं.

मी चहा यायच्या आत सांगून टाकलं. म्हटलं, बाई, मी तुमची कथा वाचत नव्हतो. न वाचता कमेंटा टाकत होतो.

"माहीत आहे की," बाई म्हणाल्या.

रागानं नाही म्हणाल्या. पत्ता सांगावा तसं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एकतिसाव्याखाली मी 'समाप्त' लिहिलं होतं. तुमची कमेंट आली, मग बाकीच्यांच्या. मला आधी वाटलं, शब्द दिसला नसेल. मग वाटलं, उद्या कुणी मागं येऊन बघितलं तर तुम्हा सगळ्यांना ओशाळं वाटेल. म्हणून तो शब्द काढून टाकला."

"आणि पुढचा भाग लिहिलात?"

"तुम्ही थांबलोय म्हणालात ना. लाइनवर माणूस थांबलाय म्हणतो, त्याची वायर कशी काढायची?"

"पण आम्ही थांबलो नव्हतो, बाई."

"ते पण माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तरी."

मग मी म्हटलं, काल वाचली, पहिल्यापासून सगळी. बाईंचा डावा हात कानाकडं गेला. त्यांनी मला विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज एकदम नवशिक्यासारखा झाला, "कुठं थांबलात?"

हा प्रश्न आम्हाला त्यांना कधी विचारावा लागला नव्हता. आमच्या शेकडो भागांना त्यांनी न विचारता उत्तर दिलं होतं. मी म्हटलं, कमळ रेकॉर्डिंगला 'आभारी आहे' म्हणते तिथं थांबलो. बाई उठल्या आणि पाणी आणते म्हणून आत गेल्या. आत नळ बराच वेळ वाहत राहिला. परत आल्या तेव्हा हातात पाणी नव्हतं, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं नाही.

मी त्यांना बिरूंचं सांगितलं. कमळ गेली त्या दिवशी ते बांधावर बसले होते, हेही सांगितलं.

"तो एक अंगठा यायचा दर भागाला," बाई हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, कुणाचं तरी बोट चुकून लागतं."

मग त्या सरळ बसल्या. "माने, मी ठरवलं होतं, कुणीतरी एकानं वाचून 'संपली' म्हणावं, मग थांबायचं. तुम्ही आता सगळी वाचली आहे. संपली का?"

संपली होती. एकतिसाव्या भागातच संपली होती, आणि मला ते स्पष्ट दिसत होतं. एवढं एक वाक्य त्यांना माझ्याकडून हवं होतं. पण मी त्या टेबलाकडं बघितलं, पेन्सिलींकडं बघितलं. कथा संपली तर ही बाई बुधवारी काय करील, असं मनात आलं आणि माझा धीर झाला नाही. मी म्हटलं, नको, पुढं लिहा, मला वाचायचं आहे. ते खोटं नव्हतं, पण त्यांनी जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं. बाई "बरं" म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं की थकवा आला, हे काही मला चेहऱ्यावरून कळलं नाही. दारात त्यांनी विचारलं, "झालं बोलणं?" मी हो म्हणालो आणि जिना उतरलो.

त्यानंतर त्यांनी दोनच भाग लिहिले. मी दोन्ही वाचले आणि कुठं थांबलो ते कळवलं. मग त्यांची दृष्टी झपाट्यानं जायला लागली. काचबिंदू होता, उशिरा कळला. प्रिंटचं अक्षर मी वाढवत वाढवत नेलं, शेवटी एका पानावर चारच ओळी मावायला लागल्या. तेही जमेना, तेव्हा त्यांच्या कमेंटा थांबल्या. तीन खाडे झाले आणि मॅडमनी नाव काढून टाकलं. मी मॅडमना खाजगीत लिहिलं, बाईंना दिसत नाही, एवढी एक सूट द्या. उत्तर आलं, नियम सर्वांना सारखा, आणि शेवटी हात जोडल्याची खूण. बिरूंनी गटात एकच ओळ टाकली, 'बाई न्हाईत तर मी बी न्हाई', आणि ते बाहेर पडले. मी राहिलो. वैशाली अर्धवट होती, असं मी स्वतःला सांगितलं.

बाईंनी एकदा विचारलं, गटात काय चाललंय? मी म्हटलं, सगळे तुमची फार आठवण काढतात. कुणीही काढत नव्हतं. बाई थोडा वेळ माझ्या दिशेनं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आभारी आहे." मी त्या दिवशी दुकानात परत येऊन फोनमधली ती पाच वाक्यं पुसून टाकली. फार उशीर झाला होता, पण पुसली.

एकटं राहणं अशक्य झालं तेव्हा मोहोळची भाची त्यांना न्यायला आली. फाइली भाचीनं रद्दीत घालायचं ठरवलं होतं, त्या मी दुकानात आणल्या. स्टँडवर मी पोचवायला गेलो होतो. बाईंना मी उद्याच फोन करतो म्हणालो, आणि पुढं चार महिने केला नाही, कारण जाताना त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर सापडल्याशिवाय फोन करायला तोंड नव्हतं. पाचव्या महिन्यात भाचीचाच फोन आला. तो कशाबद्दल हे ती बोलायच्या आधी मला समजलं. बिरूंना मी कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "शेवटी कुनी वाचून दावत हुतं का त्येंना?" मी म्हटलं, माहीत नाही.

मला बाई आठवतात त्या एसटीच्या खिडकीत. साडी तशीच कडक, घड्याळ मनगटावर, आता ते दिसत नसलं तरी. भाची सामान लावत होती. मी खिडकीखाली उभा होतो.

"माने," त्या म्हणाल्या, "आता मला काही वाचता येणार नाही. वैशालीचं रहस्य काय आहे ते तेवढं सांगून ठेवा."

साठांवर भाग वाचून, पेन्सिलीनं खुणा करून, हे खरोखर जाणून घ्यायचं होतं ते जगात त्यांना एकट्यांनाच. मी म्हटलं, बाई, खरं सांगू, मलाच माहीत नाही.

बाई हसल्या. त्यांना एवढं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "मग शोधा की," त्या म्हणाल्या. "सापडलं की फोन करा. मी उचलते."

कंडक्टरनं घंटी दिली. बाईंचा डावा हात कानाकडं गेला. मी जिथं होतो त्याच्या जरा बाजूला बघत त्यांनी विचारलं, "झालं बोलणं?"

मी 'हो' म्हणालो नाही. कथा संपली का म्हणून विचारलं तेव्हा जो धीर झाला नव्हता तोच आताही झाला नाही. गाडी फलाटावरून मागं आली, वळली, फाटकाकडं निघाली. बाईंचा हात तसाच कानाशी होता आणि चेहरा खिडकीबाहेर, मी उभा असेन असं त्यांना वाटत होतं त्या बाजूला.